परक्याने ठेवलेले नाव

‘मॅगसेसे’ हे नाव मराठी घराला परके नाही. १९५८ साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा तो मिळवणाऱ्यांत आपले विनोबा होते. दुसऱ्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांचा मान झाला. पुढे १९८५ साली बाबा आमटे, २००८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. दर खेपेला आपण आनंदाने पेढे वाटले. पण ज्या रामोन मॅगसेसे यांच्या नावाने हा पुरस्कार आहे, ते कोण होते आणि त्यांचा देश कसा आहे, हे विचारायला मात्र आपल्यापैकी फारच थोडे गेले.

आज मी तुम्हांला त्या देशाकडे, फिलिपीन्सकडे नेणार आहे. आणि सुरुवात एका सदऱ्यापासून करणार आहे.

३० डिसेंबर १९५३ रोजी मॅगसेसे राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगात कोट नव्हता. होता तो ‘बारोंग’. झिरझिरीत कापडाचा, छातीवर भरतकाम केलेला, पाटलोणीवर मोकळा सोडलेला देशी सदरा. त्यांच्या आधी कोणत्याही अध्यक्षाने शपथविधीला असा वेष केला नव्हता. तुम्ही म्हणाल, यात ते काय मोठे? आपल्याकडे धोतर नेसून मंत्री झालेल्यांची उदाहरणे थोडी का आहेत? खरे आहे. पण ज्या देशात ‘चांगले’ याचा अर्थ ‘बाहेरून आलेले’ असा साडेतीनशे वर्षे होऊन बसला होता, तिथे आपल्याच मातीतला सदरा घालून मोठ्या मांडवात उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. ती का नव्हती, हेच आज पाहायचे आहे.

आधी या देशाच्या नावाचीच गोष्ट घ्या. सात हजारांहून अधिक बेटांचा हा समूह. सन १५२१ मध्ये मॅगेलन तिथे पोहोचला आणि मक्तान बेटावर लापुलापुच्या माणसांशी लढताना मारला गेला. १५४३ मध्ये दुसरी स्पॅनिश मोहीम आली. तिच्या प्रमुखाने तिथल्या काही बेटांना स्पेनच्या युवराजाचे, फिलिपचे नाव दिले. हाच पुढे राजा दुसरा फिलिप झाला आणि त्याचे नाव साऱ्या द्वीपसमूहाला चिकटले. या राजाने ती बेटे आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत. पण बारा कोटींच्या आसपासचा आजचा देश त्याच्याच नावाने ओळखला जातो.

देशाचे नाव झाले. मग माणसांची नावे आली. १८४९ साली नार्सिसो क्लावेरिया नावाच्या गव्हर्नर जनरलने हुकूम काढला की, प्रजेने ठरीव आडनाव धारण करावे. कारण कारकुनी होते. करवसुलीची नि शिरगणतीची नोंद नीट ठेवता यावी म्हणून! त्यासाठी अक्षरानुक्रमे आडनावांचे एक जाडजूड पुस्तक छापले, साठ हजारांच्या आसपास आडनावांचे. त्याची पाने गावोगाव वाटली. मौज अशी की, ज्या गावाला जे पान आले, त्या गावात त्याच अक्षराची आडनावे झाली. आजही काही गावांत बहुतेक घरांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज आडनावे आपल्या परिचयाची आहेत. पण ती धर्मांतराच्या वेळी, बहुधा पाद्र्याकडून वा धर्मपित्याकडून आली. इथे तर सरकारी यादीतून, शिधावाटप केल्यासारखी आडनावे वाटली गेली.

आणि ‘फिलिपिनो’ हा शब्द? तो आरंभी तिथल्या मूळ रहिवाशाला लावतच नसत. बेटांवर जन्मलेला जो गोरा स्पॅनियार्ड, तो फिलिपिनो. मूळ रहिवासी होता ‘इंडियो’, आणि या शब्दातला तुच्छतेचा सूर ऐकणाऱ्याला बरोबर कळत असे.

आता असे पाहा. राजा परका, कायदा परका, हे माणूस एक वेळ सहन करतो. संधी मिळताच झुगारूनही देतो. पण आपले नाव, आपला रंग, आपले नाक, आपली बोली ही सगळी कमी दर्जाची आहेत, असे जेव्हा त्याला स्वतःलाच वाटू लागते, तेव्हा शिपाई निघून गेला तरी पहारा उठत नाही. तो पहारा आत बसतो. यालाच वसाहती मनोवृत्ती म्हणतात. साध्या मराठीत मानसिक दास्य म्हणा.

हे दास्य पहिल्यांदा उघड्यावर आणले ते होसे रिझाल यांनी. पेशाने डॉक्टर, वृत्तीने लेखक. १८८७ साली बर्लिनमध्ये त्यांनी ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी छापली. तिच्यात दोन्या व्हिक्टोरिना नावाची एक बाई आहे. जन्माने देशी, पण तोंडाला पावडर थापून, केसांत नकली कुरळ्या बटा लावून ती स्पॅनिश मडमेचा आव आणते. एका लंगड्या, निकामी स्पॅनियार्डाशी लग्न करून नावात एक ‘दे’ जादा जोडते. वाचक तिला हसतात. पण हसता हसता चपापतात. कारण दोन्या व्हिक्टोरिना जगात एकटीच नाही. विवाहविषयक जाहिरातींत ‘वधू गोरी हवी’ हे वाक्य वाचण्याची सवय असलेल्या आपण मंडळींनीही फार मोठ्याने हसू नये, हे बरे.

रिझाल केवळ थट्टा करून थांबले नाहीत. ते लंडनला गेले, तिथल्या ब्रिटिश म्यूझियममध्ये बसले आणि सोळाशे नऊ सालचे अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचे पुस्तक त्यांनी हाताने उतरवून काढले. त्याला स्वतःच्या टीपा जोडून १८९० मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले. कशासाठी? तर स्पेन येण्याआधी आमच्या लोकांना शेती, जहाजबांधणी, व्यापार, लेखन येत होते, हे स्पॅनियार्डाच्याच साक्षीने दाखवण्यासाठी. ‘तुम्ही रानटी होता, आम्ही माणसात आणले’ या बोलाला हे उत्तर होते. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. वय अवघे पस्तीस.

१२ जून १८९८ रोजी आगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. पण स्पेनने ही बेटे अमेरिकेला दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात सोपवली. आपल्या मुंबईत जन्मलेले किपलिंग यांनी १८९९ मध्ये ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ या अर्थाची प्रसिद्ध कविता लिहिली, ती हिंदुस्थानावर नव्हे, अमेरिकेने फिलिपीन्स घ्यावे म्हणून. त्याच वर्षी युद्ध पेटले. वीस हजारांहून अधिक फिलिपिनो सैनिक पडले. आणि लढाई, दुष्काळ नि रोगराई मिळून दोन लाखांपर्यंत सामान्य माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे.

बंदुकीमागोमाग शाळा आली. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘टॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. या मास्तरांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतले अनेक तळमळीचे होते. काही तिथेच रोगाला बळी पडले. गावोगाव मोफत शाळा निघाल्या, साक्षरता वाढली. स्पेनने जे तीन शतकांत सर्वांना दिले नाही ते यांनी थोड्या वर्षांत देऊ केले. पण दिले ते इंग्रजीतून. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे आणून त्यांची ‘गावे’ मांडली गेली. तिकीट काढून लोक इगोरोत माणसांना पाहायला जात. एकीकडे वर्गात सांगायचे, आमच्यासारखे व्हा. दुसरीकडे कुंपणात उभे करून दाखवायचे, पाहा हे कसे आहेत! या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मुलाच्या मनात काय उरत असेल?

रेनातो कोन्स्तांतिनो या इतिहासकाराने नेमका हाच प्रश्न उचलला. फिलिपिनो माणसाच्या ‘कुशिक्षणा’वरचा त्यांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला आणि देशभर गाजला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जिंकलेल्याला जिंकलेले ठेवायचे तर त्याचे मन घडवावे लागते, आणि शाळा हे त्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. परक्या भाषेत शिकलेला सुशिक्षित आपल्याच खेड्यातल्या माणसापासून तुटतो. त्याला परक्याचा माल, परक्याचा विचार, परक्याचे वीर जवळचे वाटू लागतात.

ही सगळी जुनी कहाणी झाली, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. मनिलाच्या दुकानांत आजही कातडी उजळवणाऱ्या साबणांची नि मलमांची रांग असते. गोरेपणाची सारीच आवड स्पेनने आणली असे म्हणणे मात्र खरे नाही. पानाय बेटावर मुलींना घरात कोंडून, ऊन लागू न देता वाढवण्याची जुनी देशी रीत होती. पण देशी आवडीवर परक्या सत्तेचा शिक्का बसला, म्हणजे तिचे वजन कितीतरी वाढते. २००६ साली डेव्हिड आणि ओकाझाकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या फिलिपिनो लोकांमध्ये ही मनोवृत्ती मोजून पाहिली. ज्यांच्यात ती अधिक, त्यांच्यात आत्मसन्मान कमी आणि उदासीनता अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे हा प्रश्न सभेत टाळ्या घेण्यापुरता नाही. तो माणसाच्या झोपेचा, भुकेचा, जगण्याच्या उमेदीचा आहे.

बरे, रोग कळला. उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे आपल्या तारखा आपण ठरवणे. अमेरिकेने ४ जुलै १९४६ रोजी स्वातंत्र्य दिले. दिवससुद्धा स्वतःच्या स्वातंत्र्यदिनाचाच निवडला. १९६२ साली अध्यक्ष माकापागाल यांनी तो बदलून १२ जून केला. स्वातंत्र्य आम्हांला कुणी दिले त्या दिवशी नव्हे, आम्ही ते जाहीर केले त्या दिवशी साजरे करू, असा त्याचा अर्थ. राष्ट्रगीताचेही तसेच. १८९८ साली नुसती चाल होती. पुढच्या वर्षी शब्द मिळाले, ते स्पॅनिश. अमेरिकन अमदानीत ते इंग्रजीत गाइले जाई. आजचे देशी भाषेतले शब्द कायम झाले ते १९५६ साली. आपल्या देशाची स्तुती आपल्याच भाषेत गायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला!

दुसरा उपाय, आपले जुने घर उकरून पाहणे. इथे मराठी माणसाने कान टवकारावेत अशी गोष्ट आहे. १९८०च्या दशकात मनिलाजवळ लागुना भागात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तांब्याचा एक लहान पत्रा सापडला. त्यावर जुन्या जावा बेटाकडची ‘कवी’ लिपी होती. तिथे राहणाऱ्या आंतून पोस्त्मा या डच संशोधकाने तो वाचला. पहिल्याच ओळीत तारीख निघाली : शके ८२२, वैशाख, वद्य चतुर्थी! म्हणजे इसवी सन ९००. आपले पंचांग ज्या शकाने वर्ष मोजते, त्याच शकाने मनिलाच्या किनाऱ्यावर कोणी कर्जमुक्तीचा दाखला लिहून ठेवला होता. नामवारान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज माफ झाले, त्याच्या वंशजांना आता कोणी तगादा लावू नये, एवढाच मजकूर. ना राजाची प्रशस्ती, ना लढाईचे वर्णन. पण मॅगेलनच्या सहाशे वर्षे आधी इथे कायदा होता, हिशेब होता, लेखन होते, हे त्या लहानशा पत्र्याने सिद्ध केले.

त्यांची जुनी लिपी बायबायिन. तीही ब्राह्मीच्याच गोतातली. अक्षरात ‘अ’ आपोआप असतो. वर खूण केली की इकार, खाली केली की उकार. आपल्या बालवर्गातल्या पोरालाही ती ओळखीची वाटेल. टागालोग भाषेत शिक्षक तो ‘गुरो’, तोंड ते ‘मुखा’, आशा ती ‘आसा’. पण म्हणून ‘ते मूळचे आमचेच’ असे म्हणून मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. त्यांनी ते शब्द आपल्या घरात नेऊन आपलेसे केले, ही कर्तबगारी त्यांची. एका मोठ्या भावाच्या जागी दुसरा मोठा भाऊ बसला, तर धाकट्याला काय लाभ?

आणि इथे एक धोका आहे, तोही सांगतो. गमावलेल्या भूतकाळाची भूक इतकी असते, की कोणी खोटा घास पुढे केला तरी माणूस तो गिळतो. सन १४३३ मधली म्हणून ‘कालांतियावची संहिता’ फिलिपीन्सच्या पाठ्यपुस्तकांत कितीतरी वर्षे शिकवली गेली. आमचा पुरातन कायदा म्हणून मुले ती अभिमानाने पाठ करीत. १९६८ साली विल्यम हेन्री स्कॉट या अभ्यासकाने दाखवून दिले की, ती विसाव्या शतकात पुढे आलेली शुद्ध बनावट आहे. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास संस्थेनेही ते मान्य केले. मला या प्रसंगात लाज दिसत नाही, बळ दिसते. स्वतःच्या आवडत्या खोट्याला खोटे म्हणणारा समाज खऱ्या अर्थाने मोकळा होऊ लागलेला असतो. देशाचे नाव बदलून ‘महार्लिका’ करावे, ही सूचनाही मधूनमधून येते. अध्यक्ष दुतेर्ते यांनी २०१९ मध्ये ती पुन्हा बोलून दाखवली. शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ यावरून आलेला. पण पूर्वी तो समाजातल्या एका वरच्या वर्गाचा शब्द होता, साऱ्या रयतेचा नव्हे. मग हे नाव सर्वांचे कसे होणार? नाव बदलणे सोपे. नावात सर्वांना सामावून घेणे कठीण.

मग आपले ते कोणते? जे स्पेनच्या आधीचे तेवढेच का? तसे ठरवले तर फिलिपिनो माणसाला जेवणाच्या पानावरून उठावे लागेल. त्यांचा आवडता ‘आदोबो’ घ्या. नाव स्पॅनिश, पण मांस व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत तिथली जुनीच. बारोंगचे कापड ज्या अननसाच्या पानांच्या धाग्याचे विणतात, तो अननस अमेरिका खंडातून स्पॅनिश गलबतांनी आणला. पण आकलान प्रांतातल्या बायकांनी त्या पानातून केसासारखा धागा काढला, हातमागावर विणला, आणि २०२३ साली युनेस्कोने त्या विणकामाची मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्याच वर्षी ‘व्होग’ मासिकाच्या फिलिपीन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर शंभरी ओलांडलेली वांग-ओद ही कालिंगाची गोंदणारी आजी झळकली. जे गोंदण पाहून परके नाके मुरडीत, तेच गोंदण काढून घ्यायला आता शहरातली तरुण पोरे डोंगर चढून जातात.

समार बेटावरच्या बालांगिगा गावच्या घंटांची गोष्ट तर मनाला चटका लावणारी. १९०१ साली गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. त्याचा सूड म्हणून सैन्याने सारे बेट उद्ध्वस्त केले आणि चर्चच्या तीन घंटा विजयचिन्हे म्हणून उचलून नेल्या. त्या घंटा गावकऱ्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मागितल्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्या परत आल्या. आता विचार करा : घंटा चर्चच्या, धर्म स्पॅनियार्डांनी आणलेला. तरी त्या परक्याच्या नव्हत्या. कारण त्यांच्या नादावर त्या गावाची बारशी, लग्ने नि अंत्ययात्रा झाल्या होत्या. ज्याच्यावर आपल्या माणसांनी जीव लावला, ते आपले.

शेवटी एक भाषेची गोष्ट सांगतो. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की त्याचेही पान मांडले. टागालोगमध्येही अगदी हाच भेद आहे. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘तायो’ म्हणजे आपण. सेउस सालाझार या इतिहासकाराने याच दोन शब्दांवर आपला सारा विचार उभारला. त्यांचे म्हणणे असे की, आमचे विद्वान आजवर ‘कामी’च्या सुरात बोलत आले. परक्याकडे तोंड करून, ‘पाहा, आम्हीही काही कमी नाही’ असे पटवीत राहिले. आता ‘तायो’च्या सुरात बोलायला हवे, आपसांत, आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांविषयी. परक्याला पटते की नाही ही फिकीर सोडून. १९७०च्या दशकात व्हिर्जिलियो एन्रिकेझ यांनी मानसशास्त्रातही हेच केले. ‘कापवा’ हा साधा देशी शब्द त्यांनी हाती घेतला. दुसरा हा परका नव्हे, त्याच्यात मीही आहे, असा त्याचा भाव.

हे काम संपलेले नाही. २०१२ पासून खालच्या वर्गांत मुलांना त्यांच्या घरच्या बोलीतून शिकवण्याचा प्रयोग तिथे देशभर सुरू झाला होता. २०२४ च्या कायद्याने ती सक्ती उठली. साधने अपुरी, शिक्षक अपुरे, अशा अडचणी पुढे आल्या. शिवाय सेबूचा माणूस विचारतो, राष्ट्रभाषा म्हणून टागालोगच का? दक्षिणेकडचा मुसलमान विचारतो, तुमच्या ‘तायो’त मी आहे का? हे प्रश्न अवघड आहेत. पण ते ‘आपसांतले’ प्रश्न आहेत, यातच प्रगती आहे.

वाचकहो, फिलिपीन्सने राजा फिलिपचे नाव अजून टाकलेले नाही. आडनावांचे ते पुस्तकही कोणी जाळलेले नाही. पण ज्या ‘फिलिपिनो’ शब्दातून त्यांना एके काळी वगळले होते, तोच शब्द त्यांनी स्वतःच्या रक्ताने स्वतःचा करून घेतला. नाव परक्याने ठेवले असले, तरी हाकेला ओ कोणत्या आवाजात द्यायची, हे शेवटी आपल्या हाती असते.

आज रात्री घरी मुलांशी बोलताना आपण ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’, आणि कोणत्या भाषेत, एवढे जरा कान देऊन ऐका. मनिला फार दूर नाही, असे तुम्हांलाही वाटू लागेल.